वाघाच्या मुलखात मावशीची काळजी

२०२४च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा इथल्या वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट असे चार प्राणी पाठोपाठ दगावले. माणसांशी झालेल्या संघर्षानंतर चंद्रपूर जिल्ह्यातून पकडून तिथे नेलेले हे वाघ होते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि जानेवारी २०२५च्या सुरुवातीला निदान हाती आलं : बर्ड फ्लू, विषाणू एच५एन१. त्याच महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्यांमध्ये हा रोग निघाला. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात तर घरात पाळलेल्या मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला.

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. कूळ एकच असल्याने दोघांना होणारे बरेचसे रोगही एकच. वाघासाठी बचाव केंद्र असतं, पशुवैद्यकांचं पथक असतं, प्रयोगशाळा असते. मावशी मात्र तणसाच्या ढिगामागे जाऊन निपचित पडते आणि दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मांजर पाळलं जातं ते धान उंदरांपासून राखायला. बैल आजारी पडला तर डॉक्टरला बोलावणं जातं, मांजराच्या बाबतीत तसा विचारही मनात येत नाही. खरं तर इथल्या मांजरांना मारणारे बहुतेक आजार टाळता येण्यासारखे आहेत. उरलेले वेळेत ओळखले तर जीव वाचतो. त्यासाठी लागते ती घरच्या माणसाची रोजची नजर.

रोजची पाच मिनिटं

मांजर दुखणं लपवतं. ते शिकार करणारं आहे, तसंच दुसऱ्याची शिकार होणारंही. अशक्तपणा दाखवणं म्हणजे जिवाला धोका, हे त्याच्या रक्तातच आहे. ते विव्हळत नाही, लंगडत असलं तरी समोर येत नाही. म्हणून त्याच्या सवयींतला बदल हेच पहिलं लक्षण मानावं. रोज चुलीजवळ बसणारं मांजर माळ्यावर जाऊन बसलं, अंग चाटणं सोडल्यामुळे केस राठ आणि विस्कटलेले दिसू लागले, उडी मारून चढायची जागा त्याने सोडली, तर काहीतरी बिघडलं आहे असं समजावं.

मांजर झोपलेलं असताना छातीकडे पाहून अर्ध्या मिनिटातले श्वास मोजावेत आणि दुप्पट करावेत. मिनिटाला ३०च्या आत असले तर ठीक. त्याहून जास्त सतत येत असतील तर डॉक्टरला सांगावं. वरचा ओठ अलगद उचलून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी फिकट असेल तर रक्त कमी आहे, पिवळी असेल तर यकृत बिघडलं असण्याची शक्यता आहे, निळसर किंवा तपकिरी असेल तर एक क्षणही दवडू नये. मांजराचं तापमान माणसाहून जास्त, ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप आहे असं नव्हे. थर्मामीटर कसा लावायचा ते एकदा डॉक्टरकडून शिकून घ्यावं.

महिन्यातून एकदा मांजर कापडी पिशवीत घालून काट्यावर वजन करावं आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावं. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटलं म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला. डोळ्यांना हे दिसत नाही, काट्याला दिसतं. दहा वर्षांपुढचं मांजर खूप पाणी पिऊ लागलं आणि वजन उतरत गेलं तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर ती दखल घेण्याची वेळ असते. उपास लांबला की शरीरातली चरबी यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ मांजरात हे फार झपाट्याने होतं. ‘भूक लागली की खाईल’ ही समजूत इथे जिवावर बेतते.

दूध-भाताची वाटी

धानाच्या पट्ट्यात मांजराच्या वाट्याला येतो भात. त्यावर दूध घातलं की मांजराचं जेवण झालं असं मानलं जातं. पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्याला अन्नातूनच लागतं आणि ते मांस, मासे, अंडी यांतूनच मिळतं. १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या हृदयाचा स्नायू कमकुवत होतो आणि टॉरिन पुरवलं तर बरीच मांजरं सावरतात. डोळ्याच्या पडद्यालाही याच कमतरतेने इजा होते आणि ती भरून येत नाही. उंदीर-पक्षी मारून खाणारं मांजर ही तूट काही अंशी भरून काढतं. चंद्रपूर-बल्लारपूरच्या फ्लॅटमध्ये बंद राहणाऱ्या मांजराला तीही सोय नाही.

भात थोडा आणि मांस जास्त, असं प्रमाण ठेवावं. उकडलेलं चिकन, कलेजीचा छोटा तुकडा, उकडलेलं अंडं, तलावातली शिजवून काटे काढलेली मासळी, यातलं जे घरात असेल ते चालतं. टॉरिन उकळत्या पाण्यात उतरतं, म्हणून मांस शिजवल्यावर उरलेलं पाणी फेकू नये, भातावर घालावं. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुततं. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, त्यामुळे जुलाब झाले तर ते दूध बंद केल्यावर थांबतात का, हे आधी पाहावं.

कच्च्या मांसाबद्दल मात्र कसलीही सवलत नको. गोरेवाड्यातल्या वाघांनाही संसर्ग कोंबडीच्या मांसातून झाल्याचा संशय होता. अमेरिकेत २०२४ साली टेक्सासमधल्या गोठ्यांत बाधित गाईंचं कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडीची कातडी-आतडी चांगली शिजवल्याशिवाय मांजरापुढे टाकू नये. दूध तापवूनच द्यावं. सांदवाडीतल्या कोंबड्या अचानक मरू लागल्या तर मांजर घरात कोंडावं, मेलेली कोंबडी उघड्यावर फेकू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. कोंबड्या मेल्यानंतरच्या दिवसांत मांजराला जोराचा ताप, सुस्ती, धाप किंवा झटके दिसले तर उघड्या हातांनी हाताळू नये. तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच.

पिल्लं पटापट जातात तेव्हा

एका वेतातली तीन-चार पिल्लं दोन दिवसांत मेली की गावात कुणीतरी विष घातल्याचा संशय घेतला जातो. पुष्कळदा कारण असतं पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. पिल्लाला जोराचा ताप येतो, फेसाळ किंवा पिवळी उलटी होते, मग जुलाब. ओळखू येणारं एक लक्षण फार बोलकं आहे : पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान खाली घालून बसतं, हनुवटी पाण्याला टेकते, पण पाणी पीत नाही. तहान असते, गिळवत नाही. उपचार नसेल तर बहुतेक पिल्लं जातात. सलाइन, उलटी थांबवणारं औषध आणि प्रतिजैविकं वेळेत मिळाली तर काही वाचतात, म्हणून तासातासाला महत्त्व आहे.

हा विषाणू घरात वर्षभर टिकतो. फिनाइलने मरत नाही. कपडे धुण्याचं ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग असं मिश्रण करून फरशी, वाट्या, टोपली दहा मिनिटं ओली ठेवावी, मग स्वच्छ पाण्याने धुवावी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचा परिणाम होत नाही. तिथे निदान वर्षभर लस न दिलेलं नवं पिल्लू आणू नये, हेच शहाणपणाचं.

खरा उपाय लसीचा. पॅनल्युकोपेनियाबरोबर हर्पिस आणि कॅलिसी या दोन सर्दी-शिंकांच्या विषाणूंविरुद्धची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या डोसाचं काम निष्फळ करतं, म्हणून एका डोसावर थांबून चालत नाही. पुढचा डोस सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर आणि वर्षाने पुन्हा.

सर्दी झालेल्या मांजराचं नाक चोंदतं, वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसून, मासळी किंचित कोमट करून समोर ठेवली तर बहुतेक मांजरं तोंड लावतात. डोळ्यात पांढरी साय दिसू लागली तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठावा.

जंत, पिसवा, नायटा

मांजर बसून उठल्यावर गोधडीवर किंवा शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसतं. ताजं असेल तर हलतं, वाळलं की तिळासारखं पिवळं होतं. हे पट्टकृमीचे तुकडे. पट्टकृमीची अंडी पिसवेच्या पोटात वाढतात, अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि जंत पोटात जातो. म्हणून जंताचं औषध दिलं आणि पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात तांदूळ पुन्हा दिसू लागतात. दोन्हींवर एकाच वेळी इलाज हवा, आणि गोधड्या उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवायला हव्यात. ऊन या मुलखात भरपूर आहे.

पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागतो, असं असेल तर गोल जंत समजावेत. जंताचं औषध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावं. डोस वजनावर ठरतो, शेळीच्या औषधाचा अंदाजे घोट देऊ नये.

कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण आणि सततचं खाजवणं म्हणजे कानातले किडे. गोल, केस गळलेला, खवले पडलेला चट्टा म्हणजे बहुधा नायटा. तो लहान मुलांच्या गळ्यावर, हातावरही उमटतो. घरात एकाला झाला तर मांजर आणि माणूस दोघांवर उपचार करावे लागतात.

बोक्याची लघवी अडली तर

बोका रेतीच्या घमेल्यात पुन्हापुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, थेंबभर येतं किंवा काहीच येत नाही. तो ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. घरच्यांना वाटतं, शौचाला कडक झालं असावं, आणि एरंडेल पाजलं जातं. हा गैरसमज बोक्याचा जीव घेतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खड्यांनी किंवा चिकट गाळाने ती बंद होते. लघवी पूर्ण अडली की एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. पोटाच्या खालच्या भागात लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागत असेल तर ते तुडुंब भरलेलं मूत्राशय असू शकतं. ते दाबू नये. रात्र असो वा पाऊस, त्याच दिवशी निघावं.

पाणी भरपूर पोटात जाणं हा यावरचा प्रतिबंध. कोरडं खाद्य खाणाऱ्या बोक्याला रोज थोडं पातळ, रसाळ अन्न द्यावं आणि पाण्याच्या वाट्या घरात दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात.

माणसाचं औषध, मांजराचं विष

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. हे औषध निकामी करण्यासाठी लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास अडखळतो. ताप दिसला म्हणून घरातली गोळी अर्धी करून दुधात देण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. फरशी पुसायचं काळं फिनाइल याच कारणाने घातक ठरतं : मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला लावू नये, थरथर आणि झटके येतात. पाकिटावर ‘मांजरासाठी’ असं लिहिलेलं असेल तेवढंच वापरावं.

वरोरा, राजुरा, कोरपना भागात कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत मांजर घरात ठेवावं. धानाच्या कोठारात उंदरांचं विष टाकलं असेल तर विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागण्याची भीती असते. काही विषांत रक्त गोठणं थांबतं आणि लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात. त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. विषाचं पाकीट सोबत घेऊन जावं, त्यावरचं नाव वाचून डॉक्टर उपचार ठरवतात.

साप, बिबट आणि मे महिना

पहिल्या पावसानंतर नाग, मण्यार, घोणस घराच्या आसपास येतात आणि मांजर त्यांच्याशी खेळायला जातं. नाग किंवा मण्यार चावली तर बाहुल्या मोठ्या होतात, मागचे पाय लटपटतात, श्वास मंदावतो. घोणस चावली तर जागा सुजते, रक्त वाहत राहतं. जखम कापू नये, चोखू नये, दोरी बांधू नये. मांजर हलू न देता टोपलीत घालून निघावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर माणसांसाठी तयार केलेलं प्रतिविष डॉक्टर मांजरालाही वापरतात.

मांजर रात्री घरात ठेवण्याने साप, बिबट आणि बोक्यांच्या मारामाऱ्या ही तिन्ही संकटं कमी होतात. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागातही बिबट वस्तीत येतो. मारामारीत लागलेला दात वरून टिंबाएवढा दिसतो, चार दिवसांनी तिथे गरम, दुखरी गाठ येते आणि पू होतो. आत राहणाऱ्या मांजराचा ताडोबाच्या बफर गावांतल्या रानमांजर आणि वाघाटीशी संपर्क कमी होतो आणि रोगांची देवाणघेवाणही. गीरमध्ये २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा काही सिंहांत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. गावातल्या कुत्र्या-मांजरांची लस जंगलाचंही रक्षण करते, ती अशी.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते नैसर्गिक, मांजराने तसं केलं तर ती उन्हाची बाधा. सावलीत, पंख्याखाली ठेवून पाय, कान आणि पोट साध्या पाण्याने ओलं करावं. बर्फाचं पाणी नको, त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आखडून उष्णता आतच अडकते. पत्र्याच्या किंवा कवेलूच्या घरात दुपारी माळा तापतो, मांजराला खालच्या मातीच्या खोलीत जागा करून द्यावी.

चावलं, ओरबाडलं तर

मांजराचा दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. रेबीजचं इंजेक्शन किती आणि कसं ते तिथले डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, तिखट जखमेत भरू नये. एरवी शांत असलेलं मांजर अचानक अंगावर येऊ लागलं, लाळ गाळू लागलं, तर त्याला पकडायला जाऊ नये.

गरोदर बाईने मांजर घराबाहेर काढण्याचं कारण नाही. टॉक्सोप्लाझ्माचा जंतू विष्ठेत गेल्यानंतर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. घमेलं घरातल्या दुसऱ्या कुणी रोज साफ केलं आणि मांस नीट शिजवलं तर धोका खूप कमी होतो.

डॉक्टरपर्यंत पोहोचताना

सिरोंच्यापासून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. भामरागड, एटापल्लीतूनही जिल्ह्याचं ठिकाण जवळ नाही. म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आधीच नोंदवून ठेवावा. अवघड शस्त्रक्रियेसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मांजर मोकळं नेऊ नये, झाकणाच्या टोपलीत गोधडी घालून न्यावं. कधीपासून खाल्लं नाही, लघवी कधी झाली, उलटीत काय पडलं, लस कोणती दिली, हे कागदावर लिहून न्यावं, मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण केलं तर आणखी चांगलं.

मांजर चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे ६५ दिवसांत विते. नसबंदीने गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो, स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो, बोक्यांच्या मारामाऱ्या कमी होतात.

रेबीजची लस बहुतेक सरकारी दवाखान्यांत विचारली तर मिळू शकते. तिहेरी लस बऱ्याचदा चंद्रपूर किंवा नागपूरहून मागवावी लागते आणि ती २ ते ८ अंशांतच राहायला हवी. गावातल्या पाच-सहा घरांनी मिळून मागवली तर एका थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्यांसह येते आणि डॉक्टरची एकच फेरी पुरते. पावसाळ्याआधी गुराढोरांच्या घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणासाठी पथक गावात येतं, त्या दिवसासाठी मांजरांची आणि कुत्र्यांची यादी तयार ठेवून त्यांच्या लसीचीही मागणी ग्रामपंचायतीमार्फत महिनाभर आधी करून ठेवावी.